मेडि-कॅलचं कार्ड आहे, तरी मूल दवाखान्यात का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा होता: "अमेरिकेत बालरोगशास्त्राची रेसिडेन्सी संपत आली आहे. जे-वन व्हिसाच्या वेव्हरवर, म्हणजे शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट घेऊन, कॅलिफोर्नियातल्या ट्युलेरी काउंटीत, शेतमजुरांच्या एका गावातल्या क्लिनिकमध्ये नोकरीचं बोलणं चालू आहे. सिनिअर म्हणतात, तिथले लॅटिनो पालक अपॉइंटमेंट पाळत नाहीत, आधी घरगुती उपाय करत बसतात आणि मूल अगदी मलूल झालं की आणतात. मुलांना सरकारी विमा फुकट असताना असं का होतं? हा संस्कृतीचा भाग आहे का? आणि जाण्याआधी मी काय शिकून घेऊ?"

तुमच्या सिनिअरांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं असणार. मुलं उशिरा येतात, अपॉइंटमेंट चुकतात, आजीने पोट चोळून झाल्यावर चौथ्या दिवशी ताप अंगात घेऊन येतात. पण त्यावरून "यांची संस्कृतीच अशी" असं म्हटलं की डॉक्टर मोकळा होतो, म्हणून मला ते उत्तर आवडत नाही. मी याच सॅन वाकीन खोऱ्यात बरीच वर्षं मुलं तपासतोय. माझं मत विचाराल तर इथलं मूल दवाखान्यापर्यंत पोचतं की नाही हे त्याच्या विम्यापेक्षा आईबापाचा रोजगार, गाडी आणि भीती यांवर ठरतं. कार्ड तेवढं मुलाच्या नावाचं. बाकी सगळं मोठ्यांच्या हातात.

आधी विम्याचा हिशेब, कारण भारतातून आलेल्या डॉक्टरांचा गोंधळ इथेच होतो. मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा १९६५ चा. १९६७ मध्ये त्यात मुलांसाठी वेगळी तरतूद आली: नियमित तपासणी करायची आणि तीत जे सापडेल त्यावर उपचार द्यायचे, दात, डोळे, कान सगळं धरून. १९९७ मध्ये थोड्या वरच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी चिप ही योजना आली. कॅलिफोर्नियात मेडिकेडला मेडि-कॅल म्हणतात. मे २०१६ पासून इथे १९ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला, देशात राहण्याची कागदपत्रं असोत वा नसोत, उत्पन्नाच्या अटीत बसलं की पूर्ण मेडि-कॅल मिळतं. इलिनॉयने हेच २००६ मध्ये केलं होतं. तसंही अमेरिकेतल्या लॅटिनो मुलांपैकी दहातली नऊहून जास्त इथेच जन्मलेली, म्हणजे जन्माने नागरिक आहेत. तुम्ही टेक्ससमध्ये गेला असतात तर वेगळंच चित्र दिसलं असतं. तिथे कागदपत्रं नसलेल्या मुलाला मेडिकेड नाही आणि मेडिकेडमध्ये जास्त मोठ्या माणसांना घ्यायची केंद्राची योजनाही राज्याने स्वीकारलेली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आईबापांना विमा मिळू लागला की आधीपासून पात्र असलेल्या मुलांचीही नोंदणी वाढते, हे अनेक राज्यांत दिसून आलंय. एकाच्या फॉर्मसाठी टेबलाशी बसलं की घरातल्या सगळ्यांचे भरले जातात.

कॅलिफोर्नियाने कागदपत्रं नसलेल्या मोठ्यांनाही टप्प्याटप्प्याने मेडि-कॅलमध्ये घेतलं. शेवटचा टप्पा जानेवारी २०२४ चा. आता जानेवारी २०२६ पासून अशा मोठ्यांची नवी नोंदणी थांबवली आहे. मुलांच्या कार्डाला धक्का नाही. पण वस्तीत बातमी पोचते ती "आता सगळं बंद झालं म्हणे" एवढीच, आणि आई नूतनीकरणाचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवून देते.

कार्ड असणं आणि कार्ड चालू असणं यांतला फरक तुम्हाला काउंटरवर रोज दिसेल. कोविडच्या काळात नूतनीकरण थांबवलं होतं. एप्रिल २०२३ पासून ते पुन्हा सुरू झालं आणि देशभरात दोन कोटींहून जास्त लोक मेडिकेडमधून गळाले. त्यांतले बहुतेक कागद वेळेत न पोचल्यामुळे गळाले, पात्रता तपासायची वेळच आली नाही. शेतमजुरांच्या वस्तीत दोन-तीन कुटुंबं एका घरात राहतात, टपालाची पेटी एकच. भाडं वाढलं की घर बदलतं आणि काउंटी कार्यालयात पत्ता जुनाच राहतो. जानेवारी २०२४ पासून मुलांना एकदा मंजुरी मिळाली की १२ महिने काढता येत नाही, असा केंद्राचा नियम झाला आहे. त्याने बरं झालं, पण तेराव्या महिन्यात तेच रडगाणं. म्हणून क्लिनिकमध्ये फॉर्म भरून देणारा प्रशिक्षित माणूस असणं मला एखाद्या डॉक्टरइतकंच महत्त्वाचं वाटतं. लसीसाठी मूल आलंय आणि कार्ड बंद पडलंय, तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर ते सुरू करता आलं पाहिजे. लसीचं एक बरं आहे: १९८९ ते ९१ च्या गोवराच्या साथीनंतर केंद्राने मुलांच्या लसींचा वेगळा कार्यक्रम काढला, त्यात बिनविम्याच्या मुलालाही लस फुकट असते आणि कागदपत्रं कुणी विचारत नाही. त्यामुळे कार्ड बंद दिसलं म्हणून लस न देता परत पाठवू नका.

आता भीती. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात 'पब्लिक चार्ज' ही तरतूद जुनीच: जो सरकारवर भार होईल असं वाटतं त्याला ग्रीन कार्ड नाकारता येतं. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने तिची व्याप्ती वाढवायचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२० मध्ये नियम लागू झाला, मार्च २०२१ मध्ये रद्द झाला. त्या कडक नियमातसुद्धा मुलांचं मेडिकेड मोजलं जाणार नव्हतं. पण इतका तपशील कोण वाचतो? बातमी लागल्यापासून लोक मुलांची नावं काढून घेऊ लागले. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी डब्ल्यूआयसी या पोषण योजनेतून दूध, अंडी, कडधान्यं मिळतात, त्याचा या नियमाशी काडीचा संबंध नव्हता, तरी तेही सोडणारे निघाले. नियम गेला, भीती राहिली.

मग जानेवारी २०२५ आला. दवाखाने, शाळा, चर्च यांच्या आवारात शक्यतो इमिग्रेशनची कारवाई करायची नाही हे जुनं धोरण त्या महिन्यात रद्द झालं. त्याच महिन्यात शेजारच्या केर्न काउंटीत बॉर्डर पेट्रोलने धरपकड केली. स्टॅनफर्डचे थॉमस डी यांनी खोऱ्याच्या दक्षिण भागातल्या शाळांची हजेरी पाहिली, तर गैरहजेरी २२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. मुलाला शाळेत सोडायला जो बाप घाबरतो तो दम्याच्या फॉलो-अपला येईल, ही अपेक्षा तरी कशी करायची? जूनमध्ये मेडिकेडच्या याद्यांतली माहिती इमिग्रेशनची कारवाई करणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्याला दिल्याचं उघड झालं. राज्यं कोर्टात गेली. पण "तुमची माहिती उपचारांपलीकडे कुठेही जाणार नाही" असं मी तेव्हापासून छातीठोकपणे सांगत नाही. जेवढं खरं माहीत आहे तेवढंच सांगतो आणि पुढचं स्थानिक कायदेशीर मदत केंद्रावर सोपवतो.

तुमच्या हातात काय आहे? कागदपत्रांबद्दल विचारू नका, आणि आईने आपण होऊन सांगितलं तरी मुलाच्या केसपेपरवर लिहू नका. "घरात काळजीचं वातावरण आहे" एवढं पुरतं. वारंवार पोट दुखणारी, झोप उडालेली, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलेली सात-आठ वर्षांची मुलं तुमच्याकडे येतील. सगळ्या तपासण्या नॉर्मल निघतील. अशा वेळी मुलाला थेट विचारा, कशाची भीती वाटते. आई बाहेर असली तर ते सहसा सांगतं.

रोजगाराकडे वळतो, कारण चुकलेल्या अपॉइंटमेंटचं कोडं तिथे सुटतं. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला शेतमजूर म्हटलं की ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात: बिऱ्हाड पाठीवर, मुलं सोबत, लसीकरणाचा कागद गावी. इथेही एके काळी तसंच होतं. १९६२ चा मायग्रंट हेल्थ कायदा केनेडींच्या काळात अशा फिरत्या मजुरांसाठीच झाला, आणि त्यातून निघालेली केंद्रं पुढे आजच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या जाळ्यात आली. पण आता शेतमजुरांपैकी बहुसंख्य एकाच गावात घर करून राहतात. मुलं वर्षभर एकाच शाळेत जातात. देशभर पाहिलं तर चाळीस टक्क्यांच्या आसपास मजुरांकडे कामाचा कायदेशीर परवाना नाही. म्हणजे माणूस स्थिर आणि त्याचं स्थान मात्र डळमळीत.

हंगामात द्राक्षं, ब्लूबेरी, संत्री तोडायचं काम बऱ्याचदा अंगावर दिलेलं असतं, जितक्या पेट्या तितके पैसे. मजूर पुरवतो कंत्राटदार, टोळीवर असतो मायोर्दोमो, म्हणजे आपला मुकादम. उद्या कुठल्या बागेत जायचं ते आदल्या रात्री फोनवर कळतं. पहाटे अंधारात राइतेरोच्या व्हॅनमध्ये बसून माणसं निघतात. राइतेरो म्हणजे पैसे घेऊन कामावर नेणारा गाडीवाला. सकाळी साडेदहाची तुमची अपॉइंटमेंट पाळायची तर आख्ख्या दिवसाचा खाडा पडतो, कारण मधूनच परतायला व्हॅन नसते. कॅलिफोर्नियात २०१५ पासून पगारी आजारी रजेचा कायदा आहे, २०२४ पासून ती वर्षाला पाच दिवस आहे, मुलाच्या आजारपणासाठीही चालते आणि शेतमजुरालाही लागू आहे. पण मागणार कोण? पुढच्या हंगामात मुकादमाने बोलावलंच नाही तर? मी न मागता चिठ्ठी लिहून देतो: मुलाचं नाव, तारीख, "पालकाची उपस्थिती आवश्यक होती". निदान तेवढा कागद बाईच्या हातात राहतो.

काही क्लिनिकांत तीनदा न आल्यास नाव कमी करायचा नियम असतो. मला तो शुद्ध दंड वाटतो, तोही मुलाला. उन्हाळ्यात उन्हामुळे कामं लवकर सुटतात, त्यामुळे संध्याकाळचे आणि शनिवारचे स्लॉट भरून वाहतात. वेळ बदलून बघा, "बेफिकीर" पालकांची संख्या आपोआप घटेल.

अंतराचंही सांगतो. लहान मुलांचं मोठं हॉस्पिटल मडेरा काउंटीत आहे, ट्युलेरीच्या दक्षिणेकडच्या गावांतून तास-दीड तासाचा रस्ता. खुद्द मडेरा गावातलं मोठ्यांचं हॉस्पिटल जानेवारी २०२३ च्या सुमारास पैशाअभावी बंद पडलं ते मार्च २०२५ मध्ये पुन्हा उघडलं; तोवर सगळा भार फ्रेस्नोवर. मुलांच्या मेंदूविकार किंवा हार्मोनच्या तज्ज्ञाची वेळ महिनोन्‌महिने मिळत नाही, मिळाली की तिकडे जायला गाडी नसते. मेडि-कॅल २०१७ पासून साध्या अपॉइंटमेंटसाठीही ने-आण देतं, फक्त काही दिवस आधी फोन करावा लागतो. ही सोय बहुतेक कुटुंबांना माहीतच नाही. रेफरलचा कागद देताना तो फोन तिथेच लावून द्या. कॅलिफोर्नियात २०१५ पासून कागदपत्रं नसलेल्यांनाही ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, हाही आरोग्याचाच कायदा म्हणायचा. दक्षिण टेक्ससात बाप गाडी चालवू शकला तरी सॅन अँटोनियोकडे जाताना हायवेवर बॉर्डर पेट्रोलचा नाका लागतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुलाला नाक्यापलीकडे न्यायचं, तर कागदपत्रं नसलेल्या आईबापांनी नाक्याच्या अलीकडेच थांबायचं.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बहुधा स्पॅनिश शिकताय म्हणून. शिकाच. पण तुमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आया स्पॅनिशही जेमतेमच बोलतात. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून आलेली मिश्तेको, त्रिकी, सापोतेको बोलणारी माणसं या खोऱ्यात बरीच आहेत. इतर मेक्सिकन लोक त्यांना हिणवतात, म्हणून ती आपली भाषा लपवतात. तुम्ही स्पॅनिशमध्ये बोलाल, बाई मान हलवेल, "सी, दोक्तोर" म्हणेल आणि इन्हेलरची टोपी न काढताच मुलाला तो देत राहील. "स्पॅनिश कळतं का?" असं विचारलंत तर उत्तर "हो"च येणार. "घरी आजीशी कुठल्या भाषेत बोलता?" असं विचारा.

मग दुभाषा मिळवायचा. मिश्तेकोच्या बोली इतक्या वेगळ्या की एका डोंगरापलीकडची दुसऱ्याला कळत नाही, म्हणून दुभाषा पुरवणारी संस्था आधी गावाचं नाव विचारते. फोन स्पीकरवर ठेवलेला. मी इंग्रजीत बोलतो, पहिला माणूस ते स्पॅनिशमध्ये सांगतो, दुसरी बाई मिश्तेकोत. मग आई बोलते, बराच वेळ, हातवारे करत, आणि उलट्या वाटेने माझ्यापर्यंत पोचतं: "ती म्हणते, हो." अशा वेळी थांबून सगळं पुन्हा विचारावं लागतं. पंधरा मिनिटांच्या स्लॉटमध्ये हे मावत नाही, तेव्हा दुप्पट वेळ आधीच लावून घ्या. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीला दुभाषी करू नका. आणीबाणी सोडली तर तसं करायला केंद्राच्या नियमांनी मनाई आहे, आणि नियम नसता तरी आईच्या बाळंतपणानंतरच्या उदासीबद्दलचे प्रश्न लेकीच्या तोंडून विचारायचे नसतात.

आता ते घरगुती उपाय. इथे मराठी डॉक्टराला आयतीच आघाडी मिळते. माल दे ओहो म्हणजे आपली दृष्ट. तिथे मीठ-मोहऱ्यांऐवजी बाळाच्या अंगावरून अंडं फिरवतात. एम्पाचो म्हणजे पोटात अन्न चिकटून बसलंय ही समजूत, त्यावर पोट-पाठ चोळून देणारी सोबादोरा. आणि काइदा दे मोयेरा म्हणजे टाळू खाली जाणं. हे शेवटचं नीट समजून घ्या. सहा-सात महिन्यांचं बाळ, दोन दिवस जुलाब, टाळूला खळगा पडलाय. आजी बाळाच्या तोंडात अंगठा घालून आतून टाळा वर दाबते, कधी बाळाला पाय धरून उलटं करून तळव्यांवर चापट्या मारते. तुम्ही संतापून "हे काय केलंत?" म्हणालात तर आजी पुढच्या वेळी सांगणार नाही, एवढंच. तिचं निरीक्षण अचूक आहे: टाळू खरंच खाली गेली आहे, कारण अंगातलं पाणी कमी झालंय. मी टाळूवर तिच्यासमोर बोट ठेवतो, "मोयेरा खाली आहे, बरोबर ओळखलंत" म्हणतो, मग सिरिंज काढतो आणि दर काही मिनिटांनी ५ मिली सुएरो, म्हणजे आपलं जलसंजीवनीचं पाणी, तिच्याच हाताने पाजायला लावतो. बाळाला उलटं करायचं नाही, त्याने मेंदूला इजा होऊ शकते, हेही तेव्हाच सांगतो. तेव्हा ऐकलं जातं. तासाभराने बाळ लघवी करतं, आणि पुढच्या जुलाबाला आजी पहिल्याच दिवशी येते.

एका उपायाच्या बाबतीत मात्र मऊपणा नाही. एम्पाचोसाठी कुणी ग्रेता नावाची पिवळी किंवा आसारकोन नावाची नारिंगी पूड देत असेल तर ती जवळजवळ निव्वळ शिशाची संयुगं असतात. प्रश्न विचारताना "कुठलं औषध देता?" नको, "पोटासाठी रंगीत पूड दिली का?" असं विचारा. चमकदार झिलईची मातीची भांडी, काही चिंच-मिरचीच्या गोळ्या, यांतूनही शिसं जातं. मेडिकेडवरच्या मुलाची शिशाची तपासणी पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाला व्हायलाच हवी, ३.५ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर किंवा वर निघालं तर शोध घ्यायचा. आपण नाकं मुरडू नयेत: इथल्या भारतीय घरांतल्या मुलांतही शिसं सापडतं, आणि तिथे शोध काजळ, सिंदूर आणि गावाहून आणलेल्या हळदीपाशी जाऊन थांबतो.

उपायांपेक्षा मला जास्त चिंता पाण्याची वाटते, आणि सिनिअर त्याबद्दल कधी बोलत नाहीत. ट्युलेरीत दुग्धव्यवसाय प्रचंड, शेती त्याहून मोठी. खतांतलं आणि शेणातलं नायट्रेट जमिनीत मुरून विहिरींत उतरलंय. युसी डेव्हिसच्या २०१२ च्या अहवालाने ट्युलेरी खोरं आणि सलिनास खोरं मिळून सुमारे अडीच लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला हा धोका असल्याचं म्हटलं. २०१४ च्या दुष्काळात ईस्ट पोर्टरव्हिलच्या घरगुती विहिरीच आटल्या. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी नायट्रेटचं पाणी घातक, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळं पडतं. आणि इथे आपली नेहमीची सवय उलटते: पाणी उकळलं की नायट्रेट जात नाही, पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. खासगी विहीर असलेल्या प्रत्येक बाळंतिणीला हे सांगा.

नळावर विश्वास नाही म्हणून लोक पाच गॅलनचे जार विकत आणतात. त्या पाण्यात बहुधा फ्लोराइड नसतं, आणि दुकानात सोडा, म्हणजे कोलासारखं गोड पेय, पाण्याइतकाच स्वस्त. परिणाम दातांवर: तीन वर्षांच्या मुलाचे पुढचे चारही दात किडून काळे पडलेले. मेडि-कॅल घेणारा दंतवैद्य जवळ नाही, भूल देऊन दात करायची रांग लांबलचक. पहिला दात आल्यापासून पाच वर्षांपर्यंत फ्लोराइडचं वार्निश बालरोगतज्ज्ञही लावू शकतो, मिनिटभराचं काम आहे, मेडिकेड त्याचे पैसे देतं. प्रत्येक तपासणीत लावा. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवू नका हे सांगताना एवढं लक्षात ठेवा की पहाटे उठायचंय म्हणून आई बाळ रडू देऊ शकत नाही. बाटलीत साधं पाणी, इतका मधला मार्ग एक वर्षावरच्या मुलासाठी चालतो.

हवेबद्दल फार सांगत नाही, बेकर्सफील्ड, विसेलिया, फ्रेस्नो ही नावं सूक्ष्म धूलिकणांच्या यादीत वरच असतात हे तुम्ही वाचलं असेल. लॅटिनो म्हणजे एकच गट मात्र समजू नका: पोर्तो रिकोच्या मुलांत दम्याचं प्रमाण देशात सर्वांत जास्त, मेक्सिकन मुलांत त्याहून बरंच कमी. खोऱ्यात अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही न हटणारा न्यूमोनिया दिसला की व्हॅली फीवरची रक्ततपासणी पाठवा. इथल्या मातीतली कॉक्सिडिऑइडिस बुरशी धुळीतून फुप्फुसांत जाते, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरला ती सुचत नाही. कीटकनाशकांबाबत सलिनास खोऱ्यातला बर्कलीच्या ब्रेंडा एस्केनाझी यांचा चामाकोस अभ्यास जरूर बघा: १९९९-२००० मध्ये सहाशे गरोदर स्त्रियांपासून सुरुवात. गरोदरपणी ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकांचा संपर्क सर्वांत जास्त असलेल्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी सर्वांत कमी संपर्काच्या गटापेक्षा ७ गुणांनी कमी आढळला. कॅलिफोर्नियाने त्यातल्याच क्लोरपायरिफॉसची विक्री २०२० मध्ये थांबवली, बाकीची औषधं आहेतच. कामावरून आल्यावर बाळाला उचलण्याआधी कपडे बदलणं, बूट दाराबाहेर काढणं, कामाचे कपडे वेगळे धुणं, एवढं तरी सांगता येतं. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना "उन्हाळ्यात काय करता?" हे विचारायला विसरू नका, केंद्राचा १९३८ चा कामगार कायदा शेतीत पालकांच्या संमतीने १२ वर्षांच्या मुलालाही शाळेबाहेरच्या वेळात काम करू देतो.

संस्कृतीचा प्रश्न तुम्ही विचारलात, तर तिची दुसरी बाजूही ऐका. मेक्सिकोतून आलेल्या गरीब आयांची बाळं वजनाने चांगली असतात आणि त्यांच्यातला अर्भकमृत्यू उत्पन्नावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कमी असतो. संशोधक १९८६ पासून याला लॅटिनो विरोधाभास म्हणत आलेत. अंगावरचं दूध, घरचं जेवण, बाळंतिणीभोवती गोतावळा, दारू-सिगारेट कमी. हा फायदा अमेरिकेत जन्मलेल्या पुढच्या पिढीत ओसरतो. दहा वर्षांच्या मुलांत यकृतात चरबी आणि किशोरांत टाइप टू मधुमेह दिसतो. यकृताच्या बाबतीत जनुकांचाही वाटा आहे. पण ज्या घरात आजी अजून फ्रिहोलेस, म्हणजे राजम्यासारखं कडधान्य, शिजवते तिथे "डाएट बदला" म्हणण्यापेक्षा "आजीचं जेवण चालू ठेवा, सोडा बंद करा" हे सांगितलेलं मी जास्त परिणामकारक पाहिलंय.

शेवटी तुमच्या नोकरीबद्दल. तुमचा वेव्हर ज्या योजनेतला, त्या १९९४ पासून चालू असलेल्या कॉनरॅड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० डॉक्टर घेता येतात, तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचं. मीही असाच आलो. मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा: फोनवरचा दुभाषा प्रत्येक खोलीत आहे का, आणि मिश्तेकोचा किती वेळात मिळतो? दंतवैद्य त्याच इमारतीत आहे का? संध्याकाळची ओपीडी आहे का? मेडि-कॅलचे फॉर्म भरणारी माणसं किती? प्रोमोतोरा, म्हणजे वस्तीतल्याच आशाताई, पगारी आहेत की अनुदान संपलं की जातात? जुलै २०२२ पासून मेडि-कॅल त्यांच्या कामाचे पैसे देतं, त्यामुळे "परवडत नाही" हे उत्तर आता चालण्यासारखं नाही. दोन क्लिनिकांत निवड करायची वेळ आली तर जिथे प्रोमोतोरा जास्त आहेत तिथे सही करा, पगार थोडा कमी असला तरी.